घोडी, पेट्या आणि साठ पावलं

माणसानं कशाकशात घासाघीस करावी याला काही मर्यादा असते. मला नव्हती. दौंड स्टेशनाबाहेर पेरूची पाटी घेऊन बसायचे, तेव्हापासून समोरच्यानं आकडा सांगितला की त्याच्या निम्मा आकडा माझ्या तोंडून आपोआप निघतो. पुढं शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा घ्यायला-विकायला लागले, तेव्हा ही सवय कामाला आली. बाळंतपणात डॉक्टरीणबाईंनी दहा दिवस पडून राहायला सांगितलं, त्यांनाही मी सहावर आणलं होतं.

नव्वदचं दशक संपता संपता घोडनदीच्या काठाला मी स्वतःच्या हिमतीवर दोन एकर रान घेतलं आणि त्यात कांद्याचं बी धरलं. फुलांवर माश्या बसल्या नाहीत तर बी भरत नाही, म्हणून मधमाश्यांच्या आठ पेट्या आणल्या. देणाऱ्यानं बजावलं, सावलीत ठेवा. माझ्या रानात सावली एकच होती, बांधावरच्या कडुलिंबाची. आणि बांधापलीकडं शेजारच्या चाचांचं गवताचं रान.

चाचांच्या घरात वडिलांपासून वरातीला घोडी द्यायचं काम चालत आलेलं. एक म्हातारी तांबडी घोडी मोकळी चरत असायची. दुसरी पांढरी, हलगीवर नाचणारी. लग्नसराईत तिच्यावरच त्यांचं घर चालायचं. ती लांब दाव्यानं खुंट्याला बांधलेली असे.

पेट्या उतरवल्या त्याच दिवशी चाचा बांधावर आले.

"वहिनी, ह्या जरा लांब ठेवा. घोड्याच्या घामाचा वास माशीला खपत न्हाई. शंभर पावलं तरी पायजेत."

"शंभर? मग माझ्याकडं बांध तरी राहतोय का? वीस."

"अवो, ही काय वांगी हायेत का?"

"पंचवीस घ्या."

"माश्या मोजून चावतात व्हय?"

चाचा खरं सांगत होते. पण मला दिसत होती ती फक्त त्यांची लबाडी, जी मुळात नव्हतीच. दुपारी त्यांची तांबडी घोडी माझ्या लिंबाच्या सावलीत उभी राहायची. तेव्हा सावली बळकवायचा हा डाव आहे, असं मी मनाशी पक्कं केलं. सौदा जमत नसला की उठून चालू लागायचं, ही माझी हुकमी चाल. इथं रान माझं, झाड माझं, मग उठून जायचं कुठं? तरी दहा पावलं गेले आणि परत आले. अखेर साठावर सौदा ठरला.

मोजणीही मीच केली. पाऊल केवढं धरायचं हे ठरलं नव्हतं, आणि ठरलं नव्हतं ते मी मुद्दामच ठरू दिलं नव्हतं. साडी घोट्याशी आवळून घेतली आणि खुंट्यापासून निघाले ती नव्या नवरीसारखी तुरुतुरु. मी साठ म्हणाले तेव्हा माझा हात लिंबाच्या खोडाला लागला. चाचांच्या ढांगांनी ते अंतर पंचवीसच भरलं असतं. ते दाढीवर हात ठेवून बघत होते. "बरं," म्हणाले आणि गेले. घरी येऊन मी हा सौदा नवऱ्याला दोनदा रंगवून सांगितला. सणसवाडीच्या कंपनीतून पाळी करून आलेला तो माणूस जेवता जेवता एवढंच म्हणाला, "माश्यांना विचारलंस का?" मी त्याला आमटी वाढली नाही.

आठवड्याभरात माश्या घोडीच्या दगडी डोणीवर पाणी प्यायला जायला लागल्या. घोडी डोणीला तोंड लावेना. चाचांनी सुचवलं, पेट्यांजवळ पसरट घमेल्यात खडे टाकून पाणी ठेवा, म्हणजे इकडं येणार न्हाईत. घमेलं माझ्याकडं पडून होतं. पण त्यांचं ऐकलं तर सौद्यात आपण चुकलो असं ठरेल, म्हणून ठेवलं नाही.

मग तो दिवस आला. सकाळी यार्डात एका व्यापाऱ्याशी माझं कडाक्याचं भांडण झालेलं. डोकं तापलेलंच होतं, तशीच रानात आले आणि मध बघू म्हणून पेटी उघडली. आधी धूर द्यायचा असतो. धुराडं पेटेना, तेव्हा त्याला एक लाथ घातली आणि तसंच झाकण उचललं. हातातून फळी निसटली आणि पेटीवर आपटली.

पलीकडं चाचांनी नुकतीच पांढऱ्या घोडीला नाचाचा सराव देऊन आणून बांधलं होतं. घामानं तिचं अंग चमकत होतं. माश्या उठल्या त्या थेट तिच्यावर.

मी काय केलं? यार्डात चार-चार हमालांना गप्प करणारी मी, पदर डोक्यावरून घेऊन कांद्याच्या वाफ्यात पालथी पडले. तांबडी मोकळी होती, ती नदीकडं पळाली. पांढरीला दावं होतं. ती खुंट्याभोवती फिरत होती, दावं आखूड होत होतं आणि तिचं ओरडणं ऐकवत नव्हतं. चाचा तोंडावर काही न घेता त्या घोंघाटात शिरले, विळ्यानं दावं कापलं, आणि ती सुटून नदीच्या पाण्यात जाऊन पडली.

तासाभरानं तिला काठावर आणलं तेव्हा तोंडाचा भोपळा झाला होता, डोळे दिसत नव्हते. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, "नाकपुड्या बघत राहा. सूज आत गेली तर श्वास अडकेल. दिवस मावळेपर्यंत धकली तर धकली." मग ती आडवी झाली.

चाचा तिच्या तोंडावर ओली गोणी धरून बसले. त्यांचाही एक कान सुजून कागदी लिंबाएवढा झालेला. मी पाण्याच्या बादल्या आणत होते आणि शिव्यांची वाट बघत होते. शिव्या आल्या असत्या तर उत्तर देता आलं असतं. गोणी पुन्हा भिजवताना ते म्हणाले,

"तुमची पावलं मी बघत व्हतो, वहिनी."

"मग तवाच का न्हाई बोललात?"

"बोललो असतो तर तुम्ही चाळीसवर आला असता."

हे इतकं खरं होतं की मला संताप आला. अजून येतो. बाजारात मला पुष्कळांनी फसवलं, त्या सगळ्यांना मी विसरले. पण गप्प राहून मला जिंकू देणारा हा एकच माणूस, त्याला मी माफ केलेलं नाही.

ऊन उतरताना घोडीनं पुढचे पाय रोवले, घसरली, पुन्हा रोवले आणि उभी राहिली. चाचांनी तिच्या मानेला कपाळ टेकवलं. मी रिकामी बादली घेऊन तशीच उभी.

पेट्या हलवायच्याच होत्या. रस्त्यावरच्या टेलिफोन बूथवरून पेट्या देणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, शे-दोनशे पावलं हलवल्या तर माश्या जुन्या जागी परत येतात, एकदम लांब न्या. अंधार पडताना पेट्यांची तोंडं बंद करून टेम्पोनं दौंडकडं बहिणीच्या रानात पाठवल्या. तिच्या सूर्यफुलांची त्या वर्षी चंगळ झाली. माझ्या कांद्याचा बहर माश्यांवाचून गेला आणि बी निम्मं पोकळ निघालं. टेम्पोवाल्याशी मात्र मी घासाघीस केली. तेवढी ताकद उरली होती.

वैशाखात शिरूरच्या पेठेत वरात चालली होती आणि हलगी वाजत होती. मी काम सोडून माझ्या कांद्याच्या दुकानाच्या पायरीवर आले. पांढरी घोडी होती, पाय अगदी तालावर. डाव्या डोळ्याची पापणी तेवढी थोडी लोंबत होती. चाचांनी मला पाहिलं आणि लगाम धरूनच ओरडले, "या की वहिनी! हात लावा, काय करत न्हाई ती!"

"गिऱ्हाईक हाय!" मी ओरडले.

दुकानात कुणी नव्हतं. वरात वळणाआड जाईपर्यंत मी पायरीवरून घोडीचे पाय बघत राहिले.