रिकाम्या वाडीची आरोग्यसखी

दिवाळी झाली की मुठा खोऱ्यातल्या त्या कातकरी वाडीत ट्रक येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं सगळं त्यात चढतं आणि वाडी वीटभट्टीवर जाते, ती पावसाच्या तोंडावर परतते. सतरा घरांपैकी त्या वर्षी सोळा गेली. मागं राहिली एकटी सोनी.

ती आता आरोग्यसखी होती. मुंबईच्या एका फाउंडेशननं डोंगरातल्या वाड्यांवर औषधपाणी पोचावं म्हणून पुण्यातल्या एका संस्थेला तीन वर्षांचं अनुदान दिलं होतं. त्यातून सोनीला मानधन, निळा एप्रन, वजनकाटा आणि रजिस्टर मिळालं. वाडीत सातवीपर्यंत शिकलेली ती एकटीच. नवरा बुधा चार वर्षांपूर्वी क्षयानं गेला, मूलबाळ नव्हतं. संस्थेच्या मृण्मयीताईंनी विचारल्यावर ती लगेच हो म्हणाली. अट एवढीच, की वाडीतच राहायचं आणि घरभेटी चुकवायच्या नाहीत.

पण घरभेटी द्यायच्या कुणाला? तारेनं बांधलेल्या दारांपुढून ती चालत जायची आणि रजिस्टरात सोळा वेळा ‘स्थलांतरित’ लिहायची. शनिवार-रविवारी खालच्या शहरवाल्यांच्या बंगल्यांवर गाणी लागायची. तेवढाच काय तो माणसांचा आवाज.

गेलेल्यांत तिचा धाकटा दीर कैलास होता. भाद्रपदात सोनीनंच त्याची थुंकी तपासायला नेली होती आणि क्षय निघाला होता. तेव्हापासून त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. “तुज्यामुळं समद्या वाडीला कळलं,” एवढंच शेवटचं बोलला. पण गोळ्या तिच्यासमोर घ्यायचा. निघताना तिनं सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या महिन्याच्या गोळ्या त्याच्या बायकोच्या, दीपालीच्या पिशवीत घातल्या.

तिसऱ्या आठवड्यात सोनी बाजारासाठी खाली रस्त्यावर उतरली होती, तेव्हा दीपालीचा फोन आला. “वयनी, ह्यांनी गोळ्या सोडल्या. म्हनत्यात, खोकला थांबलाय. आन मुकादमानं बघितलं तर हाकलून देल.”

सोनीनं मृण्मयीताईंना फोन लावला.

“भट्टी खेड तालुक्यात आहे, सोनीताई. आपलं अनुदान मुळशीपुरतं. मी तिकडच्या दवाखान्याला कळवते.”

“कळवा. पर त्यो दवाखान्यात जायाचा न्हाई. मीच जाती.”

“खर्च देता येणार नाही हो.”

“मागितलाय का?” सोनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तीन गाड्या बदलून ती दुपारी भट्टीवर पोचली. एप्रन पिशवीत तळाशी दडवला होता. कैलास गुडघाभर चिखल तुडवत होता. त्यानं पाहिलं आणि तोंड फिरवलं. ती झोपडीत दीपालीपाशी बसून राहिली. तो पाणी प्यायला आला, तेव्हा म्हणाली, “तुजा भाऊ बी असंच म्हनला व्हता. बरं वाटतंय, म्हनला. गोळ्या सोडल्या. मला दिसत व्हतं, मी गप बसले. आता न्हाई गप बसायची.”

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. कैलासनं पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला.

“माज्याशी बोलू नगं,” ती म्हणाली. “सकाळी झोपडीतच गोळी घ्यायची आन दीपालीच्या फोनवरनं मला दावायची. बास.”

मुकादमाला तापाचं कारण सांगून ती त्याला तिकडच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पुढचा साठा दीपालीकडे दिला.

वाडीत रेंज नव्हती. वरच्या टेपाडावर, करवंदीच्या जाळीपाशी दोन काड्या यायच्या. सोनी रोज सकाळी टेपाड चढायची. फोन वाजायचा. पडद्यावर कैलासचं तोंड यायचं. गोळ्या जिभेवर ठेवायचा, पाणी प्यायचा, आ करून दाखवायचा. फोन बंद. एक शब्द नाही. सगळ्या दिवसात तिला दिसणारा माणसाचा चेहरा तेवढाच. ती केस विंचरून, पदर नीट करून जायची आणि मग स्वतःलाच हसायची.

फाल्गुनातल्या एका सकाळी आ करून झाल्यावरही फोन बंद झाला नाही. कैलासनं विचारलं, “जेवतीस का येळच्या येळी?”

“व्हय,” ती म्हणाली. मग फोन बंद झाला.

चैत्रात फाउंडेशनचे पाहुणे गाडी घेऊन आले. वाडी पाहून चक्रावले. “लोक कुठे आहेत?”

“लोकं भट्टीवर हायेत. दवा हितं हाय,” सोनी म्हणाली आणि ‘स्थलांतरित’नं भरलेलं रजिस्टर त्यांच्यापुढं उघडलं. मृण्मयीताई कसनुशा झाल्या. पण पुढच्या वर्षीच्या अनुदानात भट्ट्या आल्या. तिथं जायला गाडी आली आणि गाडीबरोबर शिकलेली नर्सबाई आली. सोनीनं ते काम मागितलं होतं. “तुम्ही वाडीच सांभाळा,” ताई म्हणाल्या. वर पलीकडच्या धनगरवाड्याची नऊ घरंही तिच्याकडे दिली.

कैलासच्या गोळ्या पुऱ्या झाल्या, थुंकी साफ आली. सकाळचे फोन थांबले. पावसाळाभर वाडी भरलेली होती. तो चार दारं ओलांडून यायचा, लाकडं टाकून जायचा, दोन शब्द बोलायचा.

दिवाळीनंतर पुन्हा ट्रक आला. सगळे चढले. कैलास फाळक्यावर हात ठेवून थांबला.

“वयनी, चल आमच्यासंगं. एकलीच काय ऱ्हातीस?”

सोनीला हो म्हणायचं होतं. तिनं घराकडं पाहिलं. बांधायला असं फार नव्हतंच.

“धनगरवाड्यावर राजाबाई हाय,” ती म्हणाली. “साखर लई वाढलीया. पायाला जखम झालीया तिच्या. तिला कोन बघंल?”

कैलासनं मान हलवली आणि वर चढला. धूळ खाली बसेपर्यंत ती उभी राहिली. घाईत दीपालीचं दार उघडंच राहिलं होतं, ते तिनं तारेनं बांधलं. मग पट्टीचं सामान घेऊन धनगरवाड्याची चढण धरली.

राजाबाई घरात नव्हती. तसल्या पायानं शेरडं घेऊन रानात गेली होती. सोनी ओट्यावर बसून वाट बघत राहिली.