शेवयांच्या डब्यातली पाकिटं

ओट्याच्या वरच्या फळीवर, अगदी कोपऱ्यात, शेवयांचा जुना डबा होता. त्यात धम्मप्रियानं सासूच्या, येसूबाईंच्या, गोळ्यांची संपलेली पाकिटं साठवली होती. प्रत्येकावर बॉलपेननं तारीख. आठ महिन्यांपूर्वी येसूबाईंच्या हृदयात स्टेंट बसवला, तेव्हापासून रक्त पातळ करायची गोळी ती रोज सकाळी स्वतःच्या हातानं द्यायची. आधी भाकरी, मग गोळी, मग रिक्षा पकडून मुलींच्या शाळेतली कारकुनाची खुर्ची. तिच्या सकाळी अशाच कुणाच्या ना कुणाच्या तोंडात काहीतरी घालण्यात गेल्या होत्या. आधी मुलं, मग अंथरुणाला खिळलेले सासरे, आता सासू, जिला ती आत्या म्हणायची.

तरी गेल्या महिन्यात येसूबाईंच्या छातीत पुन्हा कळ आली आणि स्टेंटमध्ये गुठळी सापडली.

बार्शीहून नणंद आली. दवाखान्यात खाटेपाशी, चार नातेवाइकांदेखत म्हणाली, "वैनी, तुमची नोकरी हाय, आमी काय म्हणत न्हाय. पण म्हातारीची गोळी तेवढी चुकवायची न्हाय की."

"एकही चुकली नाही, ताई."

"मग गुठळी आभाळातनं पडली व्हय?"

येसूबाई जाग्या होत्या. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. लेकीपुढं सुनेची बाजू त्यांनी कधी घेतली नव्हती.

संध्याकाळी पुण्याहून नवऱ्याचा फोन आला. "तू समोर उभी राहून देतेस ना?" रत्नदीपनं हळूच विचारलं. नणंदेचं बोलणं धम्मप्रियानं गिळलं होतं. हे गिळता येईना. डबा काढून सगळ्यांपुढं उपडा करावा, असं तिला वाटलं. पण रिकामं पाकीट म्हणजे गोळी पोटात गेल्याचा पुरावा नव्हे, एवढं तिलाही कळत होतं.

डॉक्टरांनी वेगळाच संशय काढला. ही गोळी पोटात गेल्यावर शरीरानं तिचं औषध करून घ्यावं लागतं. काहींच्या शरीराला ते जन्मापासूनच जमत नाही. गालाच्या आतून बोळा फिरवून जनुकांची तपासणी केली की कळेल.

नमुना गेला आणि आठवड्यानं निरोप आला : खराब निघाला, पुन्हा द्या. त्या सकाळी येसूबाईंनी न्हाणीत बसून गुपचूप मिश्री लावली होती. चाळीस वर्षं विड्या वळलेली बाई; तंबाखू हिरड्यांना लागल्याशिवाय तिचा दिवस उगवत नसे.

"आता तोंडातला बोळाबी नीट देता येईना तुमच्याच्यानं," नणंद फोनवर म्हणाली.

दुसऱ्या खेपेला धम्मप्रियानं अर्धा दिवस रजा टाकली, मिश्रीची डबी स्वतःच्या पर्समध्ये घातली आणि सासूसमोर स्टूल घेऊन बसली.

"पोलीस हायस का तू?"

"हाय. चूळ भरा, आत्या."

"मिश्रीबिगर डोकं लई दुखतंय की."

"माझंही."

रिपोर्ट आला. ती गोळी येसूबाईंच्या अंगात जवळजवळ कामच करत नव्हती. डॉक्टरांनी दुसरी लिहून दिली. ही दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतरानं. धम्मप्रियाला हायसं वाटायला हवं होतं. ती नुसती बाकावर बसली आणि बराच वेळ उठली नाही.

घरी आल्यावर येसूबाईंनी स्वतःहून लेकीला स्पीकरवर फोन लावायला लावला.

"ऐक. कारखान्यात विड्या घालायचे, तवा पान चांगलं, तंबाखू चांगली, वळणारी चांगली, तरी चेकर येखादी विडी छाट म्हणून काढायचा. टाकून द्यायचा बाजूला. तसंच झालंय. गोळी चांगली, देणारी चांगली. माझं अंगच छाट निघालं. रोज देत हुती ती. मी गिळत हुते."

"मग तवाच का बोलली न्हाईस, आई?"

"तू लांबनं आली हुतीस," येसूबाई म्हणाल्या.

पलीकडून नणंदेचा आवाज आला, जरा खाली उतरलेला. "वैनी, हे आईकडनं लेकरांत येतं म्हणं. मलाबी तपासाय लागंल का?"

"विचारते डॉक्टरांना," धम्मप्रिया म्हणाली. माफीचा विषय कुणी काढला नाही. रत्नदीपलाही तिनं रिपोर्टचा फोटो तेवढा पाठवला, खाली काही लिहिलं नाही.

सातव्या दिवशी नव्या गोळ्यांचं पहिलं पाकीट संपलं. तिनं ते कचऱ्यात टाकलं. भांडी घासता घासता थांबली, हात पुसले, पाकीट परत काढलं, त्यावर तारीख घातली आणि डब्यात ठेवलं.