अक्कांची नवी विंडोज

आमच्या मल्लेश्वरममध्ये टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या अक्का थंडीत सकाळी कॉम्प्युटर सुरू करत आणि अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलायला बसत. मशीन जुनंच होतं, पण गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्या उघडाव्यात म्हणून त्यांनी त्यावर नवी विंडोज घातली होती. वाटीभर दाणे झाले की पडदा उजळायचा. "स्वल्प थांबा अण्णा, उठतोय तो," असं म्हणत त्या गिऱ्हाइकाच्या हातातही चार शेंगा देत.

मी नवे कॉम्प्युटर विकायचो. "जुन्या मशीनवर नवी विंडोज चालतच नाही," असं सांगून एका निवृत्त मास्तरांना मी जवळजवळ तयार केलं होतं. एकदा ते माझ्यासोबत अक्कांच्या दुकानात आले.

"अक्का, माझंही मशीन असलंच आहे. यावर नवी विंडोज चालते?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी विक्रीवर टिकून आहे, हे त्यांना ठाऊक होतं.

"चालते," त्या म्हणाल्या. "पण थांबावं लागतं. घाई असेल तर यांच्याकडून नवीनच घ्या."

"रिटायर माणसाला कसली घाई?" मास्तर हसले.

माझं खोटं उघडं पडलं, विक्रीही गेली. तरी अक्कांवर रागावणं मला जमलं नाही. इतकं जपून कुणी खरं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.