दोरीचं टोक

मांडव्याच्या जेट्टीवर जाधव सर मला शेवटचे भेटले, तेव्हा मी त्यांच्या पिशवीत सुक्या जवळ्याची पुडी कोंबली होती. "लेकीकडे चाललोय, बाई," म्हणाले. गेले काही महिने शनिवार आला की सर सकाळी मुंबईच्या बोटीला उभे असायचे आणि संध्याकाळी परतायचे. मी तोंडाची फटकळ. म्हटलं, नातवंडाचं तोंड बघून माणूस फुगतो, तुम्ही वाळत कसे चाललात? ते नुसते हसले आणि बोटीत जाऊन बसले. त्यानंतर आला तो थेट वहिनींचा, सरांच्या बायकोचा फोन. मी भाकऱ्या करत होते. "बाई, सर गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी एका हाताने तव्यावरची भाकरी उलटली. का उलटली, देव जाणे...

सर मूळचे म्हसळ्याचे, मी किहीमजवळच्या कोळीवाड्यातली. एकाच शाळेत शिकवता शिकवता आम्ही पोरांची रविवारची टोळी काढली. सकाळी किनाऱ्याने चालायचं, खडकांत जीव बघायचे, कधी डोंगरावर मुक्काम. मी पोरांवर ओरडायची. सर कधी आवाज चढवत नसत, तरी पोरं त्यांनाच जास्त घाबरायची. त्यांचा नियम एकच होता. रांग सोडायची तर पुढच्याला सांगून सोडायची. जो न सांगता जाईल, त्याने दिवसभर रांगेच्या शेवटी, पुढच्याच्या खांद्यावरून मागे सोडलेल्या काथ्याच्या दोरीचं टोक धरून चालायचं. मारणं नाही, उठाबशा नाहीत, पण ते टोक हातात आलं की भलेभले गप्प व्हायचे.

एकदा सातवीतली नेहा शिंपल्यांच्या नादाने खडकांपलीकडे गेली, कोणाला न सांगता. भरती लागली होती. आमच्याकडे भरतीचं पाणी समोरून नाही, मागून येतं. आधी खडकामागची घळ भरते आणि माणूस आत अडकतो. मी कोळ्याची पोर, मला ते ठाऊक होतं, मी हाका मारत सुटले. सर कमरेएवढ्या पाण्यातून जाऊन तिला घेऊन आले. मी तिला थोबाडीत मारणारच होते, तर सरांनी माझा हात धरला. तिला म्हणाले, "जायला ना नाही, पोरी. न सांगता जायचं नाही." आणि दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. ती दिवसभर रडत रडत चालली, पण टोक काही सोडलं नाही.

आणि नियम पोरांपुरताच होता असं समजू नका. एकदा पोरांना भूक लागली म्हणून सर कोणाला न सांगता पाव आणायला नाक्यावर गेले. परत आले ते पावाची पिशवी माझ्याकडे देऊन निमूट रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, टोक धरून. वाळूत मासळी सुकवत बसलेल्या माझ्या काकीने विचारलं, "मास्तर, तुमी पन चोरी केली काय?" सर म्हणाले, "व्हय काकी, सापडलो." अख्खा किनारा हसला. मीही पोट धरून हसले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे सरांच्या श्रद्धांजलीच्या दिवशी म्हसळ्याला त्यांच्या घरी गेले तेव्हा सगळं कळलं. लेकीकडे उतरत होते हे खरं, पण जात होते ते इस्पितळात. घशाचं दुखणं. मुंबईच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हात टेकले होते. मी वहिनींना विचारलं, मला का नाही सांगितलं?  त्या म्हणाल्या, "बाईंना कळलं तर त्या मला रविवारी घरी बसवतील, म्हणायचे." बसवलंच असतं! दाराला कडी घालून बसवलं असतं. आणि मग? काही झालं नसतं, हे मलाही कळतं. आजार माझं थोडंच ऐकणार होता. पण जेट्टीवर त्यांची पिशवी तरी उचलली असती. त्यांच्यासोबत बोटीत तरी बसले असते... निघताना वहिनींनी जवळ्याची पुडी परत दिली, न फोडलेली. म्हणाल्या, "गिळवत नव्हतं हो त्यांना. उशाशी ठेवून वास तेवढा घ्यायचे."

तेव्हापासून मला रडू येण्याऐवजी रागच येतो. ज्याने नियम केला त्यानेच तो मोडला, आणि ओरडायचं तर कोणावर? फोटोवर ओरडून पाहिलं मी. फोटो सरांसारखाच, आवाज चढवत नाही.

गेल्या रविवारी पोरं आपणहून किनाऱ्यावर जमली. सुरूच्या झाडाखाली रांग करून उभी राहिली, सरांनी लावली असती तशी. मला शिटी वाजवायचं बळ नव्हतं. दोरी खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागले. दोरी रांगेच्या कडेने मागे सुटत गेली, तिचं टोक सगळ्यात शेवटी वाळूत घासत येत होतं. नेहा आता दहावीला आहे, रांगेत शेवटी होती. टोक ओलं होतंय म्हणून ती ते उचलायला वाकली.

"राहू दे ग," मी मागे वळून म्हटलं. "ते सरांचं हाय."

तिने हात मागे घेतला. टोकाला पाय लागू नये म्हणून बाजूला सरकली, आणि मागे टोकापाशी माणसाएवढी जागा सोडून चालू लागली.