हळदीच्या पेढीवरचा स्विच

वडूजच्या माया खरातला आपलं काम कुणी स्वस्तातलं म्हटलेलं खपत नसे. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती सांगलीत मार्केट यार्डासमोर गाळा घेऊन बसली होती. कॉम्प्युटर जोडून देणारी बाई म्हणजे नव्व्याण्णव साली लोकांना गंमतच वाटे. गंमत बघायला येणारे पुष्कळ, काम देणारं कुणी नाही. म्हणून हळदीचे अडते दादासो यांनी पेढीवरचे सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला सांगितले, तेव्हा तिने ठरवलं, माल लावायचा तो एक नंबरचाच.

कॉम्प्युटरच्या वायरी ज्या पेटीत एकत्र येतात, तिला स्विच म्हणतात. मायाने दोन स्विच पुढ्यात ठेवले. एक तैवानचा, जेवणाच्या डब्याएवढा. दुसरा बँका-कारखान्यांसाठी केलेला, मागे पंखा, किंमत चौपट.

दादासोंनी दोन्ही तळहातांवर तोलून पाहिले. "ह्यो जड हाय. पर बाई, ही पेढी हाय, बँक न्हवं."

"आवं, हळद घेताना तुमी हलकी घेता व्हय? उद्या बंद पडला तर सगळं यार्ड मला हसंल."

"आन न्हाई पडला तर मला हसंल. बाईनं लुटला म्हणून."

पण बसला जडच. शेजारचे अडते हंबीरराव डोकावून गेले. "आधी ह्यांचं चालू दे, मग बघू," म्हणाले.

ऐन हंगामात, सौदे सुरू असताना, पेढीवरचे कॉम्प्युटर मुके झाले. बिलं निघेनात, शेतकरी खोळंबले. माया धावत आली, तिने छोटा स्विच जोडला आणि काम सुरू झालं. मग तिने मोठा उघडला. आत भंडारा उधळल्यासारखं पिवळंधमक. पंखा गच्च बसला होता.

"लाईटीचा झटका असंल," दादासोंनीच वाट दाखवली. "परवा माझी मोटर बी जळली."

दारात हंबीरराव कान देऊन उभे. हो म्हटलं असतं तर माया सुटली असती.

"झटका न्हाई, दादासो. माझंच चुकलं. पंखा गार हवा ओढायला केलेला, हितं हळद ओढत बसला. छोट्याला पंखाच न्हाई. तुमाला तोच बरा हुता."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"भारी ते चांगलं, एवढंच डोक्यात हुतं."

डिप्लोमावालीला हे कळायला हवं होतं, यात शंका नाही. पण नाव मोठं करायची घाई झाली की समोरची हळदसुद्धा दिसत नाही.

दादासो पोट धरून हसले. "इतकी वर्सं आडत केली, 'चुकलं' म्हणणारी तूच पयली. ने तुझा हत्ती परत. आन असले छोटे दोन दे, एक कपाटात ठेवतो."

हंबीरराव पायऱ्या चढून आत आले. "बाई, माझ्याकडं कवा येताय?"

"आत्ता येते. पर आधी पेढी बघणार."

"त्यात बघायचं काय? हळदच हाय."

"किती उडती, ते बघते," म्हणत मायाने पिशवी उचलली.