तस्मात सरांचा होकार

तर्कशास्त्राच्या सरांना कॉलेजात सगळे ‘तस्मात सर’ म्हणत. फळ्यावर दोन विधानं लिहायची, खाली आडवी रेघ ओढायची, वर्गाकडे वळून “तस्मात?” एवढंच विचारायचं आणि उत्तराची वाट बघत उभं राहायचं, अशी त्यांची पंचवीस वर्षांची पद्धत. पहिल्या वर्षाची मुलं महिनाभर हसायची, मग त्यांनाही तो शब्द चिकटायचा.

कॉलेज कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेलं, लहानसंच. चॅपेलच्या मागे दुमजली इमारत, तीनशे विद्यार्थी, जिन्याच्या वळणावर पवित्र मारियेचा पुतळा. कला शाखेच्या पाच प्राध्यापकांना मिळून एक खोली होती. सहा टेबलं, एक कपाट, दारावर लाकडी क्रूस. खिडकीकडे पाठ येईल असं टेबल सरांनी हट्टानं मागून घेतलं होतं. लोकांना वाटे, वाऱ्यासाठी. खरं कारण वेगळं होतं. खिडकीकडे पाठ असली की समोरच्याच्या तोंडावर उजेड पडतो आणि ओठ नीट दिसतात.

तस्मात सरांना ऐकू येत नव्हतं.

उजवा कान पन्नाशीच्या आधीच गेला आणि डावा त्याच्या मागोमाग निघाला. आधी पक्षी गेले, मग दाराची घंटा, मग बायकांचे आवाज, मग मागच्या बाकांवरची मुलं. छप्पन्नाव्या वर्षी त्यांच्याकडे उरली होती ती एक अखंड घरघर आणि माणसांचे ओठ. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती बालवाडीत शिकवायची. चिमुरड्यांसमोर तोंड भरून, एकेक अक्षर सुटं बोलायची तिला सवय होती, त्यामुळे घरी कधी अडलं नाही.

कॉलेजात मात्र ते रोज जीव मुठीत धरून जात. मुलांना त्यांनी नियम घातला होता, प्रश्न कागदावर लिहूनच द्यायचा. “लिहिलेला प्रश्न निम्मा सुटतो,” असं ते म्हणत, आणि मुलांना ते पटेही. मीटिंगमध्ये इतर हसले की अर्ध्या क्षणानं हे हसत. पापनिवेदनाला जायचं तर त्यांनी चार वर्षांपूर्वीच सोडलं होतं. जाळीपलीकडच्या अंधारात धर्मगुरूंचे ओठ कसे दिसणार? आपल्याला काय प्रायश्चित्त सांगितलं तेच कळत नाही, म्हणजे पाप फिटलं की नाही हेही कळत नाही.

ही भीती उगाच आली नव्हती. सरांचे वडील पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात होते. तिथल्या ठोकाठोकीनं चाळिशीतच बहिरे झाले. दहा वर्षांचे असताना सर मित्रांना घरी आणत आणि वडिलांसमोर उभं राहून नुसते ओठ हलवत, आवाज न काढता. वडील कानामागे हात धरून पुढे वाकत, “काय रे? परत सांग,” म्हणत. मित्र लोळायचे. वडिलांना एकदाही राग आला नाही, तेही सगळ्यांबरोबर हसत. ते हसणं सरांना आता दिवसातून तीनदा आठवे.

आणि दुसरं म्हणजे भाषेचे जुने प्राध्यापक. त्यांची नजर अधू झाली, तसं जुन्या प्राचार्यांनी त्यांना डॉक्टरचा दाखला आणायला सांगितलं. महिन्याभरात निरोप समारंभ झाला, भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं आणि माणूस घरी बसला. त्यांच्या रिकाम्या टेबलावर आता कोऱ्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे असतात. जाता-येता सर त्या टेबलाकडे बघायचं टाळत.

त्या वर्षी नवे प्राचार्य आले. उंच, शांत, नाकासमोर चालणारे फादर. पण त्यांना दाढी होती. दाढीचं एवढं काही नाही, मिशा भयंकर होत्या. वरच्या ओठावरून उतरून खालच्यावर टेकलेल्या. स्वागताच्या भाषणात सरांनी पहिल्या रांगेत बसून बघितलं, तर केसांचा एक पुंजका हलत होता, बाकी काही नाही. त्या दिवसापासून ते फादरांना टाळू लागले. ते समोरून आले की हे चॅपेलमध्ये शिरत. “तुमचे सर फार भाविक दिसतात,” असं फादर ऑफिसातल्या क्लार्कला म्हणाले, हे पुढे कळलं.

दोन महिने असे निघाले. मग एका सोमवारी दुपारी शिपाई चिठ्ठी घेऊन आला. प्राचार्यांनी बोलावलं होतं.

केबिनमध्ये फादर खिडकीकडे पाठ करून बसले होते, म्हणजे चेहरा सगळा सावलीत. वर पंखा गरगरत होता. फादर बोलू लागले आणि बराच वेळ बोलत राहिले. मध्ये त्यांनी एक कागद उचलून दाखवला आणि परत ठेवला. तेवढ्यात त्यावरचे दोनच शब्द सरांना दिसले, ‘इतिहास’ आणि ‘सत्राअखेर’. त्यांनी मान हलवायला सुरुवात केली. मग फादर थांबले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. भुवया वर गेल्या म्हणजे प्रश्न आला, एवढं सरांना पक्कं माहीत होतं.

अशा वेळी ते कायम हो म्हणत. हो म्हटलं की माणसं पुढे बोलत नाहीत, नाही म्हटलं की कारण विचारतात.

“हो, फादर,” ते म्हणाले. “बरोबर आहे. माझी काही हरकत नाही.”

फादर क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले, जरा आश्चर्यानं. मग उठून त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि खाली बसून कागदावर काहीतरी लिहिलं.

सर बाहेर येऊन व्हरांड्यात थांबले. आपण कशाला हो म्हणालो?

घरी बायकोनं ऐकून घेतलं. “उद्या जाऊन विचारा ना, नक्की काय ठरलं म्हणून.”

“काय विचारू? मी समोर बसलो होतो.”

“मग क्लार्कला विचारा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी क्लार्कला आडून विचारून बघितलं. “काल फादरांशी बोलणं झालं त्याचं पुढे काय?” क्लार्कनं टाइप करता करता मान वर केली आणि तोंड फिरवून तो काहीतरी पुटपुटला. “तुम्हालाच माहीत, सर,” असं असावं. त्याच्या चेहऱ्यावर नापसंती मात्र साफ दिसली. सरांचा जीव टांगणीला लागला. बुधवारी समाजशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्यांच्याकडे बघून बघितलंच नाही असं केलं. सरांना वाटलं, आपलाच विषय बंद झाला. मग वाटलं, आपण स्वतःच्याच निवृत्तीला हो म्हटलंय. रोज सकाळी ते टेबलावर आधी लिफाफा आहे का बघत आणि मगच बॅग ठेवत.

लिफाफा आला गुरुवारी, पण दुसऱ्याच्या टेबलावर.

इतिहासाच्या मॅडम चार वर्षांपूर्वी लागलेल्या, तिशीच्या आसपासच्या, दरवर्षी नव्यानं नेमणूक होणाऱ्या. त्या दुपारी त्या तरातरा सरांच्या टेबलापाशी आल्या. रागात त्या भराभर बोलत होत्या आणि सरांना अर्धंच वाचता येत होतं. “तुम्ही… निदान तोंडावर तरी…” असं काहीतरी. शेवटी त्यांनी पत्र सरांसमोर टाकलं.

एका पालकाची तक्रार आली होती. मॅडमनी वर्गात चर्चनं जुन्या काळी छापखानेवाल्यांना कशा शिक्षा केल्या आणि पुस्तकं कशी जाळली ते शिकवलं, आणि त्यामुळे मुलांच्या श्रद्धेला धक्का बसला, अशी. खाली लिहिलं होतं, ‘कला शाखेतील सर्वांत ज्येष्ठ प्राध्यापकांचे मत घेऊन व त्यांच्या सहमतीने आपली नेमणूक सत्राअखेर संपुष्टात आणण्याचे ठरले आहे.’

त्या धड्याच्या टिपणांची वही मॅडमनी शिकवायच्या आधी त्यांनाच दाखवली होती. त्यांनीच समासात लिहिलं होतं, ‘उत्तम. एकही शब्द कमी करू नका.’

मॅडम उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. खरं सांगायचं तर एकच वाक्य पुरलं असतं. पण खोलीत आणखी दोघं बसले होते. सरांनी पत्राची घडी घालून ते मॅडमच्या हातात दिलं आणि तास आहे असं सांगून ते बाहेर पडले. तास नव्हता. ते जिन्यात उभे राहिले.

त्या संध्याकाळी घरी बसून त्यांनी हिशेबी डोक्यानं विचार करून बघितला. मॅडम तरुण आहेत, त्यांना दुसरीकडे काम मिळेल. आपण छप्पन्नचे, आपल्याला कोण घेणार? शिवाय आपण मुद्दाम काही केलेलं नाही. तस्मात… तस्मातच्या पुढे काही येईना. दुसऱ्या कुणी फळ्यावर असं लिहिलं असतं तर त्यांनी खडूनं काट मारली असती.

“मी सांगते फादरांना हवं तर,” बायको म्हणाली.

“नको.”

“मग तुम्ही सांगा. पण उद्याच. परवापर्यंत तुम्ही स्वतःला काहीतरी पटवून द्याल. ते तुम्हाला चांगलं जमतं.”

शुक्रवारी पहिल्या तासाआधीच सर केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा दार आतून उघडलं आणि फादर समोरच उभे. आता पळायला जागा नव्हती.

“फादर, मला ऐकू येत नाही,” सर म्हणाले. आपला आवाज किती मोठा आला ते त्यांना कळलं नाही, पण व्हरांड्यातली दोन मुलं वळून बघू लागली. “सोमवारी तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नव्हतं.”

फादर काहीतरी बोलले. मिशा हलल्या.

“आताही कळत नाही. लिहून द्या.”

आत बसून फादरांनी कागद ओढला. ‘किती दिवसांपासून?’

“आठ-नऊ वर्षं.”

‘मग हो का म्हणालात?’

सरांना बरीच कारणं सांगता आली असती. “भीती वाटली,” ते म्हणाले.

फादरांनी सावकाश लिहिलं, ‘मला या निर्णयाची खात्री नव्हती. म्हणूनच तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही इतक्या सहज हो म्हणालात, मला वाटलं माझंच चुकत असेल.’ खाली आणखी एक ओळ लिहिली. ‘पत्रावर कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळाचं शिक्कामोर्तब झालं आहे. हे त्यांच्यासमोर तुम्हालाच सांगावं लागेल.’

मंडळाची बैठक पुढच्या आठवड्यात होती.

मंडळाचे पाच जण लांब टेबलाभोवती बसले होते. दोन धर्मगुरू, कॉन्व्हेंटच्या मोठ्या सिस्टर, एक वकील आणि एक निवृत्त डॉक्टर. मॅडम भिंतीपाशी खुर्चीवर. फादर सरांच्या शेजारी वही घेऊन बसले आणि प्रश्न लिहून पुढे सरकवू लागले. सरांनी मॅडमची टिपणांची वही उघडून समासातलं आपलं अक्षर दाखवलं. “हे माझं मत. त्या सोमवारचं ते मत नव्हतंच, तो नुसता आवाज होता,” ते म्हणाले. मग आपल्या कानांबद्दल सांगितलं. मध्येच वकील डॉक्टरांच्या कानाशी लागले आणि दोघंही हसले. कशाला हसले ते फादरांनी लिहिलं नाही. त्यांना वडील दिसले, कानामागे हात धरून पुढे वाकलेले. तरी ते बोलत राहिले. काय बोललो ते पुढे त्यांना नीट आठवेना.

मॅडमचं पत्र मागे घेतलं गेलं. नेमणूक एका वर्षानं वाढली. बाहेर व्हरांड्यात मॅडम सरांसमोर आल्या आणि या वेळी हळू, तोंड उघडून बोलल्या. “चार वर्षं मी रोज सकाळी तुम्हाला मागून हाक मारायची. तुम्ही बघायचाही नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला गर्व आहे.”

“नाही,” सर म्हणाले.

“ते आता कळलं.” मॅडमनी खांद्यावरची पिशवी सावरली. “पण त्या गुरुवारी तुम्हाला पत्र वाचता आलं होतं.”

मॅडमनी ते वर्ष पुरं केलं आणि दुसऱ्या शहरातलं कॉलेज धरलं. सरांशी त्या शेवटपर्यंत सभ्यपणे वागल्या, त्याहून जास्त नाही.

सरांनाही दाखला आणावा लागलाच. घरी बसवलं नाही, पण पहिल्या वर्षाचा मोठा वर्ग काढून घेतला. उरला तिसऱ्या वर्षाचा सात जणांचा वर्ग आणि ग्रंथालयाचं काम. कानात यंत्र आलं. त्यातून शब्द कमी आणि खुर्च्यांचं खरडणं जास्त ऐकू येई. कुणी मागून आलं की अजूनही ते दचकत.

नव्या सत्राच्या पहिल्या दिवशी ते त्या सात जणांसमोर उभे राहिले. खडू हातात मोडला. “मला नीट ऐकू येत नाही,” ते म्हणाले. “माझ्याकडे तोंड करून बोला. नाही कळलं तर मी परत विचारेन.”

कुणी हसलं नाही. कडेच्या एका मुलीनं हात वर करून काहीतरी विचारलं. सरांना कळलं नाही. मान हलवून हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं.

“परत सांग,” ते म्हणाले.

तिनं सांगितलं. तरी कळेना. सर दोन बाकं पुढे गेले, तिच्यासमोर उभे राहिले, आणि तिनं तिसऱ्यांदा, एकेक अक्षर सुटं करत विचारलं. “सर, खिडकी लावून घेऊ का?”

“घे,” सर म्हणाले, आणि फळ्याकडे वळले.