काल नोवु, आज सरी

चहा घ्या आधी. माझा हा मूर्खपणा रिकाम्या पोटी ऐकण्यासारखा नाही. हसा हवं तर, मीही अर्ध्यापर्यंत हसतच सांगतो. पुढे मात्र जमत नाही.

तर आम्ही मूळचे पुण्याचे. हल्ली मुक्काम बेळ्ळंदूर, आठवा मजला. समोर तळं आणि तळ्याचे डास घरात. आई गेल्यावर बाबांना मी इकडे आणलं. माझ्या डोळ्यांसमोर राहतील म्हणून! बघा आता.

बाबांना इथे एक दोस्तही मिळाला, तिपटूरचे अण्णा. त्यांच्या मुलाने त्यांना नारळाच्या बागेतून उचलून आमच्याच बिल्डिंगमध्ये आणलेलं. बाबांना कन्नड येत नाही आणि अण्णांना कन्नडशिवाय काही येत नाही. तरी संध्याकाळी खालच्या बाकावर दोघांच्या गप्पा रंगायच्या! कशा, ते मला विचारू नका.

मला मात्र कन्नड येतं. म्हणजे मला तसं वाटायचं. स्वल्प म्हणजे थोडं, तुंबा म्हणजे खूप, सरी म्हणजे ठीक, बेडा म्हणजे नको, इवत्तु म्हणजे आज. एवढ्या भांडवलावर मी ऑफिसात सांगत फिरायचो, "कन्नड म्हणजे काय हो, अर्धी मराठीच की!"

एका संध्याकाळी अण्णांनी मला गेटपाशी गाठलं.

"नोडप्पा, निम्म तंदेगे काल नोवु!"

नोडप्पा म्हणजे बघा, निम्म तंदे म्हणजे तुमचे वडील. नोवु म्हणजे दुखणं. आणि काल? अहो, काल म्हणजे काल! अर्धी मराठीच ना? बाबांचं काल काहीतरी दुखत होतं, एवढंच. अण्णांनी वाकून स्वतःच्या पोटरीवर दोन-तीन चापट्याही मारल्या. मला वाटलं, डास.

वर जाऊन मी बाबांना विचारलं. हो, विचारलं मी! तेवढं पुण्य माझ्या नावावर लिहा.

"बाबा, काल दुखत होतं का काही?"

"हो रे, काल पण. चालायला लागलं की—"

"आणि आत्ता?"

"आत्ता बसलोय, तर नाही. पण—"

"मग झालं तर!" मी लॅपटॉप उघडला. मीटिंग होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा पुन्हा हजर. "इवत्तू काल नोवु! तुंबा नोवु! डॉक्टर!"

इवत्तु काल? म्हणजे आजकाल! आजकाल कोणाचं काय दुखत नाही? माझी मान दुखते, बायकोची पाठ दुखते. मी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आयुष्यातलं माझं सर्वांत लांब कन्नड भाषण ठोकलं. "अण्णा, काल नोवु. इवत्तु सरी. डॉक्टर बेडा!"

अण्णा माझ्याकडे बघतच राहिले. मी मनात म्हटलं, काय उच्चार जमलाय!

मग गंमत बघा. कुणीतरी दारात नारायण तेलाची बाटली ठेवून गेलं. कुणीतरी बाबांना काठी दिली. रोज सलाम ठोकणारा वॉचमन मला बघून मान फिरवायला लागला. बाकापाशी गेलो की सगळी म्हातारी मंडळी गप्प! मला वाटलं, पुण्याचा माणूस फाडफाड कन्नड बोलतो म्हणून दबून आहेत. खरंच वाटलं हो!

शेवटी बेळगावच्या सुनंदाकाकूंनी मला लिफ्टमध्ये पकडलं. बाराव्या मजल्यावर राहतात. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत झोडपू शकतात.

"काय ओ, पोटचा मुलगा ना तुम्ही? वडलांचा पाय दुखायलाय, दहा पावलं चालवंनात त्यांना. अण्णा रोज येऊन सांगायलेत, आणि तुम्ही डॉक्टर नको म्हणायलाय?"

"पाय? अहो, ते तर काल म्हणाले!"

"कालु! कालु म्हणजे पाय ओ!"

"मग काल म्हणजे?"

"निन्ने!"

लिफ्ट आठव्यावर थांबली, उघडली, मिटली. मी काकूंबरोबर बाराव्यापर्यंत गेलो.

घरी येऊन बाबांचा मोजा काढला. पाऊल थंडगार, करंगळी काळीनिळी. तो पाय मांडीवर घेऊन मी लहान पोरासारखा रडलो.

डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं की मांडीतली रक्तवाहिनी तुंबलीय, खाली रक्तच पोहोचत नाही. चाललं की पाय दुखतो, बसलं की थांबतो, ते यानेच.

"कापावं लागेल?" मी विचारलं.

"मांडी उघडायची गरज नाही. जांघेत बारीकसं भोक, त्यातून एक तार, तारेवरून फुगा. तुंबलेल्या जागी तो फुगवायचा, की वाट मोकळी. गरज पडली तर आत जाळी बसवू."

"फुगा?" बाबा म्हणाले. "वाढदिवस कोणाचा आहे?"

डॉक्टर हसले. मी नाही हसलो. बाबा जागे असतानाच सगळं झालं. बाहेर आणल्यावर मी आधी पाऊल चाचपलं. ते कोमट लागलं आणि माझ्या जिवात जीव आला. पाय वाचला. करंगळी मात्र काही दिवसांनी काढावीच लागली. "थोडं आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले. साध्या आवाजात म्हणाले, म्हणून जास्त लागलं.

करंगळी काढली त्या संध्याकाळी बाबांच्या कॉटशी बसलो होतो. पट्टी बांधलेल्या पावलाकडे बघवत नव्हतं.

"बाबा, चुकलंच माझं. भाषेचा घोटाळा झाला हो. अण्णा एवढं जीव तोडून सांगत होते, मला कळलंच नाही. मी आता कन्नडचा क्लासच लावतो."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"लाव की. पण मी तर तुला मराठीतच सांगत होतो रे."